स्नोमोबिलच्या घासलेल्या स्लाइड घरच्या घरी कशा बदलायच्या

कॅनडात सडबरी, थंडर बे, टिमिन्स, किंवा बॉर्डरच्या खाली मिनेसोटा-विस्कॉन्सिन, जिथे जिथे आपली मंडळी शिक्षणाला नाहीतर नोकरीला आलीत आणि दोन-तीन हिवाळे काढल्यावर कोणाकडून तरी सेकंडहँड स्नोमोबिल घेऊन बसलीत, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. गाडी घेताना आपण इंजिन बघतो, किती पळालीय ते बघतो, बेल्ट बघतो, पण खाली गुडघ्यावर बसून ट्रॅकच्या आत बॅटरी मारून स्लाइड बघणारे फार कमी. आणि खरं तर सगळ्यात आधी झिजणाऱ्या गोष्टींपैकी ती एक आहे, वेळेत बदलली तर स्वस्तातलं काम, नाही बदलली तर रेल आणि ट्रॅक दोन्ही खराब करते.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळत जाईल. रबराचा जो लांब पट्टा फिरतो तो ट्रॅक. त्याच्या आत सस्पेन्शनचा सांगाडा असतो, त्याला इकडे स्किड म्हणतात, आणि त्या स्किडला खाली दोन लांब ॲल्युमिनियमच्या रेल असतात, पुढच्या टोकाला वर वळलेल्या. रेलच्या खालच्या कडेचा आकार उलट्या टी अक्षरासारखा आणि त्याच्यावर एक प्लास्टिकची पट्टी चढवलेली असते, परद्याच्या रेलमध्ये हूक सरकवतात ना तशी सरकवून. ती पट्टी म्हणजे स्लाइड. दुकानात कोणी हायफॅक्स म्हणेल, कोणी स्लायडर, कोणी रनर, वस्तू एकच. ट्रॅकच्या आतल्या बाजूला स्टीलच्या छोट्या क्लिपा असतात त्या या प्लास्टिकवरून घासत जातात. म्हणजे गाडीचं आणि तुमचं वजन थोडं आतल्या चाकांवर आणि बाकी या दोन पट्ट्यांवर.

आता स्टील प्लास्टिकवर एवढ्या वेगाने घासतंय तर ते टिकतं कसं? बर्फामुळे. ट्रॅक फिरताना जो भुसभुशीत बर्फ आत उडतो तो स्लाइडवर वितळतो आणि पाण्याचा पातळ थर तयार होतो, वंगणही तोच आणि गार ठेवणाराही तोच. स्लाइडचं प्लास्टिक यूएचएमडब्ल्यू पॉलिइथिलीन असतं, घासायला फार चिवट, पण साधारण १३० डिग्री सेल्सियसच्या आसपास वितळतं. तुकतुकीत बर्फाच्या ट्रेलवर, गोठलेल्या तळ्यावर, किंवा रस्ता ओलांडताना डांबरावर बर्फ आत उडतच नाही आणि मग हे तापमान गाठायला फार वेळ लागत नाही. जळक्या प्लास्टिकचा वास आला की समजायचं. थांबून पाच मिनिटांनी परत निघताना गाडी चिकटल्यासारखी वाटली आणि झटका देऊन सुटली तर ते पण हेच, वितळलेलं प्लास्टिक क्लिपांना चिकटून गार झालेलं असतं. बहुतेक लिक्विड-कूल्ड गाड्यांचे हीट एक्सचेंजर टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या बोगद्यासारख्या कव्हरमध्ये, असतात आणि तेही याच उडणाऱ्या बर्फाने गार होतात, त्यामुळे इंजिनचं टेंपरेचर वर चढत असेल तेव्हा स्लाइडही तापत असणार हे गृहीत धरा.

बदलायची वेळ झाली का ते कसं बघायचं

बऱ्याच स्लाइडवर बाजूला एक बारीक रेघ किंवा खाच असते, ती वेअर लाइन. झीज तिथवर आली की संपलं, अजून थोडं चालेल असं म्हणू नका. रेघ दिसत नसेल तर व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि पट्टीची पूर्ण उंची मोजा. नवीन पट्टी साधारण १७-१८ मिमी असते आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० मिमीच्या आसपास बदला असं दिलेलं असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि तोच धरा. मोजताना एकाच जागी मोजून मोकळे होऊ नका, पुढच्या वळणावर मोजा, मधे दोन-तीन ठिकाणी, मागे, आणि दोन्ही बाजूंना. सगळ्यात पातळ जागा कुठे निघते त्यावर निर्णय. पट्टी संपून क्लिपा थेट ॲल्युमिनियमला लागल्या की रेलच खायला लागतात आणि रेल बदलणं हा वेगळाच खर्च आहे.

पट्टी कुठे कशी घासलीय ते बघणं हा या कामातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग, आणि बहुतेक लोक जुनी पट्टी काढली की सरळ कचऱ्यात टाकतात. तसं करू नका, दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून नीट बघा. पुढच्या वळणावरच जास्त झीज असेल तर वजन पुढे जास्त येतंय, ट्रॅक फार ताणलेला असू शकतो किंवा सस्पेन्शनच्या पुढच्या भागाचं सेटिंग चुकलंय. पट्टीची एकच कड, आतली किंवा बाहेरची, तासल्यासारखी झाली असेल तर ट्रॅक सरळ चालत नाहीये, एका बाजूला सरकलाय. एखाद्या चाकाजवळच खड्डा असेल तर ते चाक हाताने फिरवून बघा, बेअरिंग जाम झालेलं असतं आणि त्याचं वजन बिचारी पट्टी उचलत असते. आणि पृष्ठभाग लाटांसारखा, ओघळलेला, चकचकीत दिसला तर ती झिजलेली नाही, वितळलीय, म्हणजे बर्फ कमी असताना पळवलेली आहे. कारण सापडलं नाही आणि नुसती पट्टी बदलली तर नवीन पट्टीही तशीच जाणार.

काय घ्यायचं

वर्ष, मॉडेल आणि ट्रॅकची लांबी, या तीन गोष्टी पक्क्या माहीत असल्याशिवाय ऑर्डर करू नका. १२१ इंची ट्रॅकची पट्टी वेगळी, १३७ ची वेगळी, १४६-१५५ ची अजून वेगळी, आणि पट्टीच्या आतल्या खाचेचा आकार कंपनीगणिक बदलतो, त्याला प्रोफाइल म्हणतात आणि बाहेरच्या कंपन्या त्याला नंबर देतात. मागच्या मालकाने स्किडच दुसऱ्या गाडीचं बसवलं असेल तर मॉडेल बघून काही उपयोग नाही, तेव्हा जुन्या पट्टीची लांबी आणि टोकाचा आकार जुळवून बघणं सगळ्यात सेफ. यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबिलमधून बाहेर पडायचं जाहीर केलं तेव्हापासून त्यांच्या सेकंडहँड गाड्या घेणारे घाबरलेले दिसतात, पण स्लाइडपुरतं टेन्शन नको, बाहेरच्या कंपन्यांच्या पट्ट्या मिळतात. रंगीबेरंगी पट्ट्या असतात त्यातला रंग नुसता दिसायला. ग्रॅफाइट मिसळलेली काळी पट्टी मात्र कमी बर्फात थोडी जास्त सहन करते, दक्षिण ओंटारिओसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात मधेच पाऊस पडून सगळं गोठून बसतं, तिथे मी तीच घेईन. दोन्ही बाजूच्या एकदमच बदला, एक नवी एक जुनी असा प्रकार नको.

हत्यारं फार लागत नाहीत. सॉकेट सेट, स्की-डू असेल तर टॉर्क्सचे बिट, रबरी हातोडा, लाकडाचा एक ठोकळा, बोथट पंच, सपाट कानस, गंजलेल्या स्क्रूसाठी पेनिट्रेटिंग ऑइल, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचं निळं थ्रेडलॉकर, सिलिकॉन स्प्रे किंवा भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी, आणि टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठराविक जोरानेच आवळायचा पाना. गाडी मागून उचलायला लिफ्ट स्टँड, नाहीतर छताच्या बीमला चेन होइस्ट, पण बीम मजबूत आहे याची खात्री करूनच.

काम सुरू

गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये घ्या, शक्य असेल तर गरम गॅरेजमध्ये. स्किडमध्ये अडकलेला बर्फ पूर्ण वितळला पाहिजे, नाहीतर तुम्ही बोल्ट शोधत बसाल आणि थंडगार पाणी बाहीत जाईल. नवीन पट्ट्याही घरात आणून ठेवा, उणे वीसमध्ये बाहेर राहिलेली पट्टी काठीसारखी कडक होते, वाकत नाही. चावी काढा, टेदर, म्हणजे निघाली की इंजिन बंद करणारी सेफ्टीची दोरी, तीही काढा. स्कीच्या पुढे-मागे ठोकळे लावा आणि मागच्या बंपरला धरून गाडी एवढी उचला की ट्रॅक जमिनीपासून सुटून मोकळा लटकेल. गाडीचं वजन दोनशे-अडीचशे किलो असतं, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालायचा नाही, खाली स्टँड पाहिजेच. काही लोक गाडी सरळ कुशीवर आडवी करतात, टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल सांडण्यापुरतं सांभाळलं तर जमून जातं, पण फोर-स्ट्रोक असेल तर करू नका, इंजिन ऑइल एअरबॉक्समध्ये जाऊ शकतं.

आता ट्रॅक ढिला करायचा. मागच्या ॲक्सलचा मोठा बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. मग दोन्ही बाजूचे ॲडजस्टर बोल्ट उलटे फिरवा. फिरवण्याआधी दोन्हीकडे मार्करने खूण करा आणि किती फेरे फिरवले ते कागदावर लिहा, परत त्याच जागी आणायला सोपं जातं. ट्रॅक हाताने खाली ओढला की चांगला लोंबला पाहिजे.

रेलच्या पुढच्या टोकाला प्रत्येक पट्टीला एक स्क्रू किंवा छोटा नट-बोल्ट असतो, पट्टी त्याच्यावरच अडकलेली असते. काही मॉडेलमध्ये मागेही असतो, दोन्ही टोकं बघून घ्या. हा स्क्रू वर्षानुवर्षं पाण्यात-मिठात राहिलेला असतो त्यामुळे गंजलेला निघणार हे धरूनच चाला, पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि अर्धा तास चहा प्या. घाईत जोर लावला की डोकं झिजतं आणि मग ड्रिल करून काढावा लागतो. नवीन स्क्रू पट्टीबरोबरच मागवून ठेवा, दोन-चार डॉलरची वस्तू आहे.

स्क्रू निघाला की ट्रॅक हाताने फिरवत फिरवत असा आणा की ट्रॅकमधल्या खिडक्या, म्हणजे क्लिपांच्या मधली भोकं, रेलच्या मागच्या टोकासमोर येतील. पट्टी बहुतेक गाड्यांमध्ये मागे सरकवत काढतात आणि ती या खिडकीतून खाली बाहेर येते. पुढच्या टोकावर पंच ठेवून हळूहळू ठोका. सुरुवातीला हलत नाही, मग एकदम अर्धा इंच सरकते आणि त्यानंतर बरी चालते. आधी रेलच्या फटीत सिलिकॉन स्प्रे मारून ठेवलात तर अजून सोपं. मागून थोडी बाहेर आली की लॉकिंग प्लायरने पकडून ओढा, दुसरा माणूस असेल तर त्याला ओढायला लावा आणि तुम्ही ठोका. वितळून चिकटलेली पट्टी अशी सहज निघत नाही, ती छिन्नीने बाजूने फोडून तुकड्या-तुकड्याने काढावी लागते, फक्त छिन्नीची धार ॲल्युमिनियमकडे जाऊ देऊ नका.

काही ट्रॅकला सगळीकडे खिडक्या नसतात किंवा लांब ट्रॅकच्या गाडीत मागे जागाच पुरत नाही. तसं असेल तर स्किडचा पुढचा आर्म टनेलला ज्या दोन बोल्टवर बसतो ते बोल्ट काढायचे, मागचे थोडे सैल करायचे, आणि स्किडचा पुढचा भाग खाली सोडायचा. थोडं जास्त काम आहे पण अवघड नाही. हे बोल्ट परत लावताना स्किड पुढे-मागे रेटायला लागतं, रॅचेट स्ट्रॅप लावून ओढलं की भोकं समोरासमोर येतात. या निमित्ताने आर्मच्या शाफ्टला ग्रीस मारून घ्या, एवढं उघडलंच आहे तर.

जुनी पट्टी निघाल्यावर लगेच नवीन घालायला धावू नका. रेलची कड पूर्ण लांबीभर बोटाने चाचपा, हातमोजे घालून, कारण ठेचलेल्या जागी ॲल्युमिनियमचे कंगोरे ब्लेडसारखे असतात. जिथे कंगोरा लागेल तिथे कानशीने हलक्या हाताने साफ करा, नाहीतर नवी पट्टी तिथे अडकणार आणि जोरात ठोकली तर आतून सोलली जाणार. रेलला एक सरळ फूटपट्टी लावून रेल वाकलेली नाही ना ते बघा, आणि बोल्टच्या भोकांजवळ बारीक भेगा शोधा. मग ट्रॅक पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक क्लिप बघा. एखादी क्लिप गळालेली असेल, वाकलेली असेल किंवा तिला जुनं प्लास्टिक चिकटलेलं असेल तर आत्ताच दुरुस्त करा, एक वाकडी क्लिप प्रत्येक फेऱ्यात नवीन पट्टी खरवडत राहते. चाकांची बेअरिंगही याच वेळी फिरवून बघायची, खरखर आवाज आला की बदला.

नवीन पट्टी बसवताना आधी तिच्या पुढच्या टोकाची खालची कड बघा. ती तिरपी केलेली नसेल तर कानशीने थोडी उतरती करा म्हणजे क्लिपा त्यावर आपटणार नाहीत. पट्टीच्या आतल्या खाचेला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे लावा. ग्रीस लावू नका, त्यात रेती-माती बसते. पट्टी खिडकीतून वर घ्या, रेलच्या मागच्या टोकावर खाच जुळवा आणि मागच्या टोकाला लाकडाचा ठोकळा धरून ठोकत पुढे न्या. मधे कोणीतरी पट्टी हाताने रेलला दाबून धरली तर ती कमानीसारखी वाकत नाही आणि ठोका वाया जात नाही. सगळ्यात जास्त अडते ती पुढच्या वळणावर, तिथे हीट गनने पट्टी थोडी कोमट करा, कोमटच, मऊ होईपर्यंत नाही. स्क्रूचं भोक जुळलं की निळं थ्रेडलॉकर लावून स्क्रू बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कएवढाच आवळा. स्क्रूचं डोकं पट्टीच्या पृष्ठभागाच्या आत राहिलं पाहिजे, बाहेर डोकावत असेल तर क्लिपा त्याला तोडून नेतील.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पट्टी एकाच टोकाला स्क्रूने बांधलेली बघून बऱ्याच नवीन लोकांना वाटतं की मागेही एक स्क्रू मारावा म्हणजे पक्की बसेल. मारू नका. हे प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त आकुंचन-प्रसरण पावतं, पाच-सहा पट तरी सहज. साडेचार-पाच फुटांची पट्टी गॅरेजच्या १५ डिग्रीमधून बाहेरच्या उणे २५ मध्ये गेली की ८-१० मिमीने आखूड होते आणि रेल जेमतेम एक-दीड मिमीने. दोन्ही टोकं बांधून टाकली तर पट्टी स्क्रूपाशी फाटते, आणि गरम झाली की मधे फुगते. म्हणून कंपनीने जिथे स्क्रू दिला नाही तिथे आपण द्यायचा नाही, आणि थंडीत मागचं टोक थोडं आत गेलेलं दिसलं तर काहीतरी बिघडलंय असंही समजायचं नाही.

ट्रॅकचा ताण आणि सरळपणा

हे जमलं नाही तर वरचं सगळं केलेलं फुकट, म्हणून थकलेले असाल तर दुसऱ्या दिवशी सकाळी करा पण नीट करा. लिहून ठेवलेले फेरे मोजून ॲडजस्टर जागेवर आणा. मग ताण मोजा. पद्धत बहुतेक मॅन्युअलमध्ये सारखीच, ट्रॅकच्या खालच्या भागाला ठराविक वजन लटकवायचं आणि पट्टी आणि ट्रॅक यांच्यातलं अंतर मोजायचं. उदाहरण द्यायचं तर पोलारिसच्या बऱ्याच मॉडेलला मागच्या चाकाच्या मध्यापासून १६ इंच पुढे १० पाउंड वजन लावून एक इंचाच्या आसपास झोळ मागतात. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर तोच बरोबर. हातात ताणून बघून ‘टाइट वाटतोय’ यावर जाऊ नका, जास्त ताणलेला ट्रॅक नवी पट्टी एका सीझनमध्ये खाऊन टाकतो आणि फार ढिला असला की ड्रायव्हरवर, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या पुढच्या दातेरी चाकावर, दात सोडून खडखड उडतो.

सरळपणा बघायला गाडी मागून उचललेलीच ठेवून इंजिन सुरू करावं लागतं. गॅरेजचं दार पूर्ण उघडा, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, इकडे थंडी म्हणून लोक दार लावून घेतात, ते अजिबात नको. गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही, पोरं-कुत्रा सगळे आत पाठवा, ट्रॅकमध्ये स्टड, म्हणजे बर्फात पकडीसाठी लावलेले खिळे, असतील तर एखादा सुटून गोळीसारखा येऊ शकतो. फिरत्या ट्रॅकजवळ हात, स्कार्फ, जॅकेटची नाडी काहीच नको. पट्टीवर थोडं पाणी किंवा सिलिकॉन मारा कारण इथे बर्फ नाही, आणि अगदी हळू काही सेकंद फिरवून इंजिन बंद करा. ट्रॅक आपोआप थांबू द्या, ब्रेक मारलात तर सरकलेला दिसेल. आता मागून बघा, दोन्ही रेलपासून क्लिपांचं अंतर सारखं आहे का. ट्रॅक डावीकडे सरकलेला असेल तर डावा ॲडजस्टर थोडा आवळा, उजवीकडे असेल तर उजवा, एका वेळी पाव फेरा, परत फिरवा, परत बघा. सरळ झाला की ताण पुन्हा एकदा मोजा कारण तो थोडा बदललेला असतो, आणि मग ॲक्सलचा बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळून लॉक नट घट्ट करा.

पहिल्या काही राइड

नवीन पट्टी अजून क्लिपांशी जुळलेली नसते, म्हणून पहिले ५०-६० किलोमीटर मऊ, खोल बर्फात आणि मध्यम वेगाने चालवा. ग्रूमर, म्हणजे ट्रेल सपाट करणारं यंत्र, फिरलेली, रात्रभर गोठून काचेसारखी झालेली ट्रेल असेल तर त्या दिवशी राहू द्या. गाडीला आइस स्क्रॅचर नसतील तर पट्ट्यांबरोबरच ते पण बसवून घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो. स्प्रिंगच्या दोन तारा असतात, रेलला नाहीतर स्कीला लागतात, कडक बर्फ खरवडून त्याचा चुरा आत उडवतात. आपल्याला पाहिजे तो पाण्याचा थर त्यातूनच मिळतो. स्क्रॅचर खाली असताना गाडी रिव्हर्स घ्यायची असेल तर तुमच्या स्क्रॅचरला ते चालतं का ते आधी बघा, सगळ्यांना चालत नाही, वाकतात. आणि ट्रेलवर कडक बर्फाचा पट्टा लागला तर अधूनमधून कडेच्या भुसभुशीत बर्फात पाच-दहा सेकंद गाडी घालत जा, ट्रेलच्या हद्दीत राहूनच, कारण ट्रेलची बरीच जमीन खासगी मालकांची असते आणि ते परवानगी काढून घेऊ शकतात.

पहिल्या राइडवरून आल्यावर पुढचे दोन्ही स्क्रू हलले नाहीत ना ते बघा आणि ट्रॅकचा ताण परत मोजा, नवीन पट्टी बसताना थोडा फरक पडतोच. पट्टीची जाडी त्याच चार-पाच ठिकाणी मोजून तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा, फोनमध्ये ठेवलीत तरी चालेल. पुढच्या वेळी मोजाल तेव्हा कुठली जागा जास्त झिजतेय ते पट्टी न काढताच कळेल.